स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा, मग उरलेल्या दिवसांचं काय? (ऑटिझम)

ओसरी
नात्यातल्या एका सव्वातीन वर्षांच्या मुलासाठी विचारतोय. राहायला नाशिक. ऑटिझमचं निदान झालंय, कानाची तपासणी नॉर्मल आली आहे. आठवड्यातून दोन वेळा ४५ मिनिटांची स्पीच थेरपी, त्या वेळी आईवडील बाहेर बाकावर. घरी फ्लॅशकार्डं दाखवून "म्हण, ॲपल" चालू असतं. मुलगा बडबडगीत अख्खं म्हणतो, पण तहान लागली की "तुला पाणी पाहिजे?" असं विचारतो किंवा मोठ्या माणसाचं मनगट धरून माठाकडे नेतो. तीन प्रश्न आहेत.
१. घरी नेमकं काय करायचं?
२. "दोन भाषांनी गोंधळ होतो, मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला" असं सांगितलंय. ते बरोबर आहे का?
३. चित्रं दाखवून मागायला शिकवलं तर तो बोलायचा आळस करेल का?

कानामागून
आधी कानाचं बघू. "नॉर्मल" म्हणजे कोणती तपासणी? नुसती ओएई ही आतल्या कानाची चाचणी झाली असेल तर बेरा ही नसेची चाचणीही करून घ्या. ओएईत आतल्या कानाच्या पेशी कळतात, तिथून पुढे मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं काही कळत नाही. बेरा मूल झोपेत असताना होते. रात्री उशिरा झोपवायचं, पहाटे उठवायचं आणि गाडीत डुलकी लागू द्यायची नाही, म्हणजे बरेचदा औषध न देता काम होतं. सतत सर्दी असेल तर टिंपॅनोमेट्री ही कानाच्या पडद्याची चाचणीही करा, ती मिनिटभराची असते. पडद्यामागे पाणी साचलं असेल तर मुलाला कमी-जास्त ऐकू येतं आणि थेरपिस्टला वाटतं मूल लक्ष देत नाही.

दुपारचा_चहा
"बाप पण उशिराच बोलला होता" हे वाक्य धाग्यात अजून आलं कसं नाही?

तबकडी
येईल, घाई करू नका. :)

ओसरी, पहिल्या प्रश्नाला सविस्तर लिहिते. याच कामात आहे.

"म्हण, ॲपल" आजपासून बंद करायला सांगा. त्याने मूल नावं शिकतं, ती वापरायची कशासाठी हे शिकत नाही. कार्ड दिसलं की "ॲपल", आणि फळाच्या टोपलीसमोर उभं राहून रडणं, अशी मुलं दर केंद्रात असतात. ऑटिझममध्ये अडचण नुसती शब्दांची नसते. आपल्या मनातलं समोरच्या माणसापर्यंत पोचवायचं असतं, ही वाटच तयार झालेली नसते. मनगट धरून माठाकडे नेणं ही त्या वाटेची सुरुवात आहे. त्यावर रागावू नका.

घरी काम करायचं ते मागण्याच्या प्रसंगांवर. आवडीच्या पाच-सहा वस्तू निवडा, खायच्या दोनच ठेवा. बाकी फुगे, साबणाचे बुडबुडे, चावीची गाडी, चादरीचा झोका असं काहीतरी, म्हणजे ज्यात मोठ्या माणसाशिवाय चालत नाही. वस्तू त्याला दिसेल पण मिळणार नाही अशी ठेवायची. घट्ट झाकणाची पारदर्शक बरणी चांगली. तो बरणी घेऊन आला की लगेच उघडायची नाही, आणि "काय पाहिजे?" असंही विचारायचं नाही. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, भुवया उंचावून वाट बघा, मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे आयांना सगळ्यात जड जातात, तीनपर्यंत पोचल्या की त्या बोलून मोकळ्या होतात. त्याने बघितलं, बरणी पुढे केली, नुसता "अं" केला, काहीही केलं तरी ते मागणं धरायचं. "उघड!" म्हणायचं आणि उघडायची. त्याच्याकडून वदवून घ्यायचं नाही.

आत एकच तुकडा घाला. वाटीभर दिलंत तर मागायची संधी एकदाच मिळते, तोच खाऊ दहा तुकडे करून दिलात तर दहा वेळा. पाणीही पेल्यात दोन घोट.

आपण बोलायचं ते त्याच्यापेक्षा एकच पायरी वर. तो शब्दाविना असेल तर एक शब्द, एका शब्दावर असेल तर दोन. "अरे बाळा बघ बघ किती मोठा फुगा आणलाय बाबांनी, कुठला रंग आहे सांग बरं" यातलं त्याच्या हाती काही लागत नाही. "फुगा. मोठा फुगा. फुगा गेला!" बस. प्रश्न कमी करा. एक प्रश्न विचारायच्या आधी तीन-चार साधी वाक्यं बोला.

आणि आईवडिलांना बाकावरून उठवून आत बसवा. आठवड्याचा दीड तास आणि जागेपणीचे उरलेले ऐंशी तास, हिशेब तुम्हीच करा.

शेवग्याची_शेंग
तबकडीताई, एक भर. बरणीचा प्रयोग दिवसभर प्रत्येक गोष्टीला लावू नका. भूक लागलेल्या मुलाला जेवणासाठी ताटकळत ठेवणं याला थेरपी म्हणत नाहीत. जेवण, शी-शू आणि दुखणंखुपणं यांत अडवणूक नको. खेळ आणि मधला खाऊ एवढ्यापुरतंच ठेवा.

तबकडी
अगदी. लिहायचं राहून गेलं.

पारिजात_७
"तुला पाणी पाहिजे?" याबद्दल कुणी बोललं नाही. हे चुकीचं बोलणं नाही. पाणी येतं तेव्हा कानावर जे वाक्य पडतं ते त्याने जसंच्या तसं उचललंय, सुरासकट. प्रिझंट आणि डुचान यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की अशा पोपटपंचीला हेतू असतो. मागणं, हो म्हणणं, आपली पाळी घेणं, स्वतःला समजावणं असं बरंच काही त्यात असतं. "असं नाही म्हणायचं, मला म्हण" असं दुरुस्त केलं की मूल तेवढा तुकडा जोडून "असं नाही म्हणायचं मला म्हण पाणी पाहिजे" म्हणायला लागतं.

त्यावर उपाय असा की मोठ्यांनी आपलं वाक्यच बदलायचं. पाणी देताना त्याच्या जागी उभं राहून, त्याच्या तोंडी शोभेल असं बोलायचं: "पाणी दे", "मला पाणी". वाक्य त्याच्या मागून किंवा शेजारून बोललं तर आणखी चांगलं, कारण समोरून बोललं की पुन्हा मी-तूची उलटापालट.

नागपुरी_संत्री
"पाहिजे" शिकवू नका, "दे" शिकवा. "पाहिजे" भिंतीकडे बघूनही म्हणता येतं. "दे" माणसाला उद्देशून असतं, शिवाय एक अक्षरी, ओठ-जिभेला सोपं. "नको" मात्र पहिल्या आठवड्यापासून हवं. नकार सांगता येत नाही म्हणूनच अर्धी फेकाफेकी आणि चावाचावी होते. आणि "नको" म्हटल्यावर ती गोष्ट खरोखर बाजूला झाली पाहिजे, नाहीतर शब्द वाया.

मोडी_लिपी
इथे थोडं वेगळं मत. "दे"ने सगळं चालतं हे मुलाला कळलं की ते कशालाही "दे" म्हणत फिरतं आणि हवं काय ते आपण ओळखत बसायचं. म्हणून "दे"च्या जोडीला वस्तूचं नाव लवकर आणा, "फुगा दे", "पाणी दे". आणि नुसतं मागणंच शिकवत बसू नका. "गेला", "पडलं", "संपलं", "अय्या!" हेही हवेत. मागण्यापलीकडे दाखवणं, सांगणं असतं, आणि ऑटिझममध्ये तेच जास्त अडतं. तो विमान बघत असेल तर त्याच्या नजरेच्या रेषेत जाऊन "विमान!" म्हणा आणि गप्प बसा. त्याची नजर आपल्याकडे ओढण्यापेक्षा आपण त्याच्या नजरेमागे जायचं.

पारिजात_७
मान्य. मी तर म्हणेन की अख्खी वाक्यं बोलणाऱ्या मुलांना अख्खी वाक्यंच द्या, पुढे ती स्वतःच तोडून जोडतात. सध्या या पद्धतीची चर्चाही खूप आहे.

मोडी_लिपी
चर्चा आहे, पुरावा तुटपुंजा आहे. पोपटपंचीला अर्थ असतो हे सिद्ध आहे. पण त्यावर बेतलेली टप्प्याटप्प्याची थेरपी इतरांपेक्षा सरस ठरते, असं दाखवणारे नीट तुलनात्मक प्रयोग झालेले नाहीत. "एकेकटे शब्द मुळीच द्यायचे नाहीत" इतकं टोक गाठू नये. या मुलाकडे दोन्ही आहे, दोन्हीवर काम करा.

फ्रीमाँटकर
दुसऱ्या प्रश्नाला: मराठी बंद करू नका. ऑटिझम असलेल्या मुलांचा दोन भाषांमुळे बोलण्याचा वेग घटतो असं आजवरच्या तुलनांमध्ये दिसलेलं नाही. उलट घरचे लोक मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागले की त्यांची वाक्यं तुटक होतात, आज्ञावजा होतात आणि गप्पा, गाणी, लाडाचे शब्द गळतात. आजी तर गप्पच बसते.

इकडे अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी: तीन वर्षांपर्यंत अर्ली इंटरव्हेन्शन ही सरकारी सेवा, तिथून पुढे सरकारी शाळा चालवणारं स्कूल डिस्ट्रिक्ट. मूल्यमापन मुलाच्या घरच्या भाषेत व्हावं अशी कायद्यात तरतूद आहे, शक्यच नसेल तर गोष्ट वेगळी. मराठी दुभाषा लेखी मागा, तोंडी मागितलेलं हवेत विरतं.

नागपुरी_संत्री
नाशकात दुभाषा कशाला, पण तक्रार तीच. चाचणी इंग्रजीत घेतात. "व्हॉट इज धिस?" ला मूल गप्प, अहवालात शून्य. त्याच वस्तूला घरी तो "चमचा" म्हणतो. शब्दांची यादी दोन्ही भाषांची मिळून करा. पहिल्या भेटीलाच कागद न्या: कोणते शब्द समजतात, कोणते बोलतो, कधी आणि कुणाशी. शाळा इंग्रजी असेल तर कामापुरते शब्द तिथले घ्या, "वॉटर", "टॉयलेट", "हेल्प", "स्टॉप".

ओसरी
खूप उपयोगी. तिसऱ्या प्रश्नाचं? घरात त्यावरूनच जास्त वाद आहे.

तबकडी
चित्रांमुळे बोलणं मागे पडत नाही. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात बोलणं कमी झाल्याचं आढळलं नाही. बहुतेकांचं थोडं वाढलंच. २०१४ च्या कसारी यांच्या प्रयोगात ५ ते ८ वर्षांची, जेमतेम बोलणारी ६१ मुलं होती. ज्यांच्या थेरपीत पहिल्या दिवसापासून बोलणारं उपकरण होतं त्यांचं आपणहून बोलणं जास्त वाढलं.

पेक्स या चित्र हातात देऊन मागायला शिकवायच्या पद्धतीचा पहिला टप्पा सगळीकडे चुकतो, म्हणून तोच लिहिते. (बाँडी आणि फ्रॉस्ट, १९८५, एकूण सहा टप्पे.) माणसं दोन लागतात. एक समोर, आवडती वस्तू हातात घेऊन. दुसरा मुलाच्या मागे, तोंडातून चकार शब्द न काढता. मधे एकच चित्र. मुलाने वस्तूकडे हात नेला की मागचा तोच हात चित्राकडे वळवतो, चित्र उचलायला लावतो आणि समोरच्याच्या तळहातावर सोडायला लावतो. समोरचा त्याच क्षणी वस्तू देतो आणि नाव घेतो, "फुगा!" मग मागच्याने आपली मदत शेवटाकडून काढत जायची, म्हणजे आधी चित्र सोडण्याची, मग नेण्याची, मग उचलण्याची.

कुठे बिघडतं: समोरचा "चित्र दे, चित्र दे" म्हणतो, आणि मूल कुणी सांगेपर्यंत थांबायला शिकतं. मुलाने हात पुढे करायच्या आधीच आपण तळहात पसरतो. एकटी आईच दोन्ही भूमिका करते. किंवा पोट भरलेल्या मुलाला बिस्किट दाखवत बसतात.

दुसऱ्या टप्प्यात अंतर. समोरचा माणूस पावलापावलाने लांब, चित्रही लांब, शेवटी दुसऱ्या खोलीत. हा टप्पा गाळला की मूल टेबलापुरतंच बोलतं. तिसऱ्यात दोन चित्रं, सुरुवातीला एक आवडीचं आणि एक बिनकामाचं, समजा चॉकलेट आणि मोजा. मोज्याचं चित्र दिलं तर मोजाच हातात द्यायचा. पुढे दोन्ही आवडीची ठेवली की चित्र दिल्यावर "घे" म्हणून दोन्ही वस्तू समोर धरायच्या. चित्र एकाचं आणि हात दुसऱ्याकडे गेला तर ओळख अजून पक्की नाही.

दुपारचा_चहा
मोजा मिळालेल्या मुलाचा चेहरा डोळ्यासमोर आला.

शेवग्याची_शेंग
चित्रांचं सामान: फोटो घरच्याच वस्तूंचे काढा, पांढऱ्या चादरीवर ठेवून, मागे पसारा नको. पाच सेंटीमीटरचा चौकोन. छापा, लॅमिनेट करा आणि चारही बाजूंनी दोन मिलिमीटर कडा सोडून कापा, फोटोलगत कापलं तर लाळेने आठवड्यात पापुद्रे सुटतात. कोपरे गोल करा. वेल्क्रोची खरखरीत बाजू सगळ्या चित्रांना एकच आणि मऊ बाजू वहीला, उलटसुलट लावलं तर काहीच चिकटत नाही. आणि प्रत्येकाचे दोन संच, कारण "पाणी" हमखास सोफ्याखाली जातं.

फोनवर हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने केलेलं जेलो हे चित्र दाबलं की बोलणारं ॲप फुकट आहे, त्यात मराठी आहे. जुना फोन त्यासाठी वेगळा काढा, सिम आणि यूट्यूब काढून टाका, ॲप पिन करा. ज्या फोनवर कार्टून दिसतं तो मुलासाठी टीव्ही असतो, त्यावर तो बोलणार नाही. आणि ॲपमधली चिन्हं आधी मोठ्यांनी वापरायची. बोलताना मुख्य शब्दावर आपणच बोट ठेवत जायचं, "पाणी संपलं". मुलाने दाबावं म्हणून त्याचा हात धरायचा नाही.

पारिजात_७
हात धरण्यावरून आठवलं. मुलाचा हात, कोपर किंवा अक्षरांची पाटी धरून "तो आता वाक्यं लिहितो" असं दाखवणारे भेटतील. नव्वदच्या दशकातल्या चाचण्यांत मुलाला एक चित्र आणि मदतनिसाला दुसरं दाखवलं, तेव्हा लिहून आलं ते मदतनिसाने पाहिलेलं. अमेरिकेतल्या आशा या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये अशा पद्धती वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. पाटी स्थिर टेबलावर आणि हात मोकळा, एवढी एकच कसोटी लावा.

आजीचा_बटवा
एवढं सगळं करण्यापेक्षा वेखंड उगाळून जिभेला लावा. शंखातलं पाणी पाजा. आमच्या पिढीत सगळे बोलायला लागले.

दुपारचा_चहा
आलं! वडिलांऐवजी वेखंड आलं.

कानामागून
आजी, शंखातल्या पाण्याने काही बिघडणार नाही, शंख धुतलेला असला म्हणजे झालं. वेखंड मात्र नको, पोटात जास्त गेलं तर मुलांना उलट्या थांबत नाहीत. मधही एका वर्षाच्या आत नाही. जीभ जड नाहीच मुळी, तो अख्खं बडबडगीत म्हणतो.

याच माळेतला शहरी प्रकार म्हणजे शिट्ट्या फुंकणं, स्ट्रॉने ओढणं, जिभेला ब्रशने चोळणं. ४५ मिनिटांतली वीस त्यात जात असतील तर थेरपिस्टला विचारा, यातून कोणता शब्द येणार? फुंकर मारण्याची ताकद आणि "प" म्हणण्याची हालचाल वेगळी आहे, बोलायला इतकी ताकद लागतच नाही. गिळायचा, चावायचा त्रास असेल तर तो वेगळा विषय. आणि मूल तोच शब्द दर वेळी वेगळा उच्चारत असेल, ओठ-जीभ चाचपडत असेल, तर ॲप्रॅक्सिया, म्हणजे मेंदूकडून तोंडाच्या हालचाली नीट न जुळणं, आहे का हे तपासायला सांगा. त्याचा सराव वेगळा असतो.

नागपुरी_संत्री
थेरपिस्टबद्दल: आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका. बीएएसएलपी ही वाणी-श्रवणाची पदवी किंवा त्यावरची पदवी हवी. उद्दिष्टं लेखी घ्या. "भाषा सुधारणे" हे उद्दिष्ट नाही. "खेळताना, न विचारता, दोन वेगवेगळ्या माणसांकडे, १० पैकी ८ वेळा, शब्दाने किंवा चित्राने मागेल" हे उद्दिष्ट. तीन महिन्यांनी तेच कागद काढून बघा.

पैशाचं: जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या डीईआयसी या मुलांच्या तपासणी-उपचार केंद्रात १८ वर्षांपर्यंत मोफत सेवा आहे, नंबर मात्र लवकर लावा. यूडीआयडी हे अपंगत्वाचं ओळखपत्र काढा. त्यावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना मिळते, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचाही खर्च धरतात. पावतीवर तारीख, थेरपिस्टची सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक नसेल तर दावा परत येतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाणी-श्रवण संस्था आहे, सविस्तर तपासणीसाठी तिथे जाता येईल. आणि स्टेम सेल उपचार विकणाऱ्यांचा फोन आला तर ठेवून द्या. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिझमसाठी त्याला मान्यता नाही.

मोडी_लिपी
ओसरींच्या मूळ प्रश्नाकडे. पालकांनी घरी केलेल्या कामाला खरंच अर्थ असतो का, यावर आपल्या जवळचाच प्रयोग आहे. त्याचं नाव पास, झाला गोवा आणि रावळपिंडीत, निकाल २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात आला. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं. तज्ज्ञ कमी म्हणून प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते घरी जायचे, एकूण १२ भेटी. खेळाचं चित्रीकरण करायचं आणि पालकांबरोबर बसून बघायचं. मुलाच्या खेळाला धरून पालकांचं बोलणं वाढलं आणि मुलांनी आपणहून सुरुवात करणंही वाढलं. सगळंच सुधारलं असं नाही, दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट कमी झाला. तो निकालही त्यांनी छापलाय, म्हणून माझा विश्वास जास्त.

हे नाशिकला करता येईल. फोन कपाटावर टेकवून दहा मिनिटांचा खेळ शूट करा, दोघांचे चेहरे दिसले पाहिजेत. बघताना मुलाच्या चुका शोधायच्या नाहीत. तो काहीतरी करतो आणि त्याच्या पुढच्या दोन-तीन सेकंदांत मोठा माणूस काय करतो तेवढं बघा. हुकूम सोडतो, प्रश्न विचारतो, की त्याच्याच गोष्टीबद्दल बोलतो? चांगला जमलेला एक प्रसंग निवडा आणि आठवडाभर तसाच वाढवा. ती क्लिप थेरपिस्टलाही दाखवा.

पारिजात_७
पुढच्यासाठी एक. प्रश्न समजायला लागले की काय, कोण, कुठे एकदम आणू नका. सगळे "क"ने सुरू होतात आणि मूल कुठल्याही प्रश्नाला पाठ झालेलं उत्तर देतं. आधी फक्त "कुठे", वस्तू लपवून आणि हाताने हवेत प्रश्न करून. तो पक्का झाल्यावर "कोण", फोटोंवर. "का" आणि "केव्हा" फार पुढचे.

ओसरी
सगळं पाठवलं. आई तीन दिवस करतेय. दोन अडचणी कळवल्यात. बरणी पुढे न करता तो ती जमिनीवर आपटून फोडू पाहतो. आणि दहापर्यंत मोजेस्तोवर निघून जातो.

तबकडी
दोन्ही नेहमीचं. झाकण फार घट्ट आहे आणि दहा त्याच्यासाठी जास्त आहे. प्लास्टिकची बरणी घ्या, झाकण अर्ध्या आट्यावर ठेवा, तीनपर्यंत मोजा आणि चौथ्याला आपणच "उघड" म्हणून उघडा, आठवडाभर असंच. मग एकेक आकडा वाढवा. तो निघून गेला तर मागे जायचं नाही, बरणी तिथेच दिसेल अशी ठेवायची. आणि सुरुवात बरणीने करूच नका, फुग्याने करा. अर्धा फुगवून थांबलं की मुलं सहसा जात नाहीत.

शेवग्याची_शेंग
फुगा न बांधता सोडायचा, फुर्रर्र करून खोलीभर फिरतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र लगेच उचला, तोंडात गेले तर घशात अडकतात.